सासूची सीट

आमच्या घरात आधी कोण आलं, मी की गाडी, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगते. गाडी आधी आली. एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमधून यांनी तिला भंगाराच्या भावात उचललं, आणि आमचं लग्न ठरायच्या आधीच तिचं नावही ठेवून टाकलं, थोरली. मग मी कोण, हे वेगळं सांगायला नको.

थोरलीनं शंभरी कधीच ओलांडली. तिला दारं नाहीत, छप्पर नाही. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, गिअरचा दांडा बाहेरच्या अंगाला. पुढे दोन माणसांची ऐसपैस बैठक. आणि मागे, एकटीच, उघड्यावर, एक लहानशी सीट. तिला ना हात टेकायला जागा, ना वारा अडवायला काही. अशा सीटला जुन्या काळी मोटारवाले 'सासूची सीट' म्हणायचे. सासूला फिरायला न्यायचं, पण तिचं बोलणं कानावर पडता कामा नये, म्हणून ही सोय. ही माहिती देऊन यांनी जन्मभर लोकांना हसवलं. मीही हसले, कारण तेव्हा मी सासू नव्हते.

माझी जागा पुढे, यांच्या शेजारी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना आम्ही वर्षानुवर्षं जात आलो. नकाशा धरायला मी, पाना द्यायला मी, हॉर्न आणि दिवे घासायला मी, फोटोत उभं राहायला मात्र थोरली आणि हे. तरी ती शेजारची जागा माझी होती. त्यावर मी खूश होते, असं म्हणा हवं तर.

यांची दुसरी आवडती गोष्ट जगातल्या पहिल्या लांबच्या मोटार प्रवासाची. तो एका बाईनं केला. नवऱ्यानं गाडी बनवली होती पण तिला कुणी हुंगत नव्हतं. तेव्हा बाईसाहेबांनी एका सकाळी, नवरा झोपेत असताना, दोन मुलांना बरोबर घेऊन गाडी बाहेर काढली आणि थेट माहेर गाठलं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकची लाकडं झिजली, तर जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आणि इंधन? ते मिळालं औषधांच्या दुकानात, कारण तेव्हा पंप कुठले असायला. इथपर्यंत आलं की हे माझ्याकडे हात करायचे, कारण माझं औषधांचं दुकान आहे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. पिन तिची, दुकान माझं, टाळ्या यांना.

अशाच एका मेळाव्याहून परतताना मी म्हटलं होतं, "अहो, मग मलाही शिकवा की थोरली चालवायला."

"छे गं. हँडल मारताना उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. तुझ्या अंगठ्यांवर दुकान चालतं आपलं."

विषय संपला. साधी गाडी मी पुढे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकले आणि आजही रोज दुकानात तीच घेऊन जाते. थोरलीचा विषय पुन्हा काढला नाही. एकदा नाही म्हटल्यावर परत मागायला जाणं माझ्या स्वभावात नाही.

मग यांचे डोळे बिघडले. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. समोरचं माणूस उभं आहे हे कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. डॉक्टरांनी सांगितलं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे काही दिवस गॅरेजमध्ये थोरलीच्या बॉनेटवर तळवा ठेवून नुसते बसून राहायचे. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडी आशाही वाटली. आता तरी म्हणतील, ये, बस इकडे, तुला दाखवतो. मी दुकान दुपारचं बंद ठेवायलाही तयार होते.

त्यांनी हाक मारली ती सुनेला.

सून आमची दातांची डॉक्टर. मुलाला थोरलीत बसलं की उलटी होते, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. सुनेला मात्र आल्यापासून गॅरेजचं वेड. दवाखान्यातून आली की ॲप्रन काढून दुसरा ॲप्रन चढवायचा आणि गाडीखाली शिरायचं. "गिअरचे दात हिलाच कळणार," असं म्हणून हे स्वतःच खो खो हसायचे. तोच विनोद त्यांनी पाहुण्यांना, शेजाऱ्यांना आणि गॅसवाल्यालाही ऐकवला.

शिकवणी आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत चालायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायचे. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहायचे. सून गिअर टाकायची, थोरली किंचाळायची, आणि हे? हे रागवायचेच नाहीत! मी एकदा तेरा नंबरच्या पान्याऐवजी चौदाचा दिला तेव्हा ज्यांनी अर्धा दिवस अबोला धरला, ते सुनेला सांगत होते, "काही बिघडत नाही. पुन्हा. सावकाश. तिचं ऐक, ती सांगते तुला काय हवंय ते." माझ्या हातातली कढई मी इतक्या जोरात आपटली की दोघांनी वर पाहिलं.

"आई, काही पडलं का?" सून ओरडली.

"काही नाही," मी म्हटलं. माझा नुसता तिळपापड झाला होता, पण तो काही खिडकीतून दाखवता येत नाही.

सून वाईट असती तर सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. माझ्या दाढेचं काम तिनं केलं तेव्हा मला कळलंही नाही. पण तिचा हात हलका आहे हे मी जितकं जास्त ऐकलं, तितका तो मला खुपायला लागला. जेवताना या दोघांचं बोलणं कार्ब्युरेटरवरून सुरू होऊन मॅग्नेटोवर संपायचं आणि मी मधे वाढण्यापुरती. याच गोष्टी मी इतकी वर्षं ऐकल्या होत्या. मला त्या येत होत्या. मला कुणी विचारतच नव्हतं.

अशात आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबनं मोठी फेरी जाहीर केली. घाट चढून पलीकडे उतरायचं आणि समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत जायचं. पूर्वीच्या मोटारी ज्या जुन्या रस्त्यानं जायच्या त्याच रस्त्यानं. हे आनंदानं लहान मुलासारखे झाले.

"सूनबाई चालवेल, मी शेजारी बसून सांगेन," हे म्हणाले.

"आणि मी?"

"तू? अगं, मागे सीट आहे ना."

आपण काय बोलून गेलो ते यांच्या लक्षातच आलं नाही. खरंच आलं नाही. सुनेला मात्र आलं. ती घाईघाईनं म्हणाली, "आई, तुम्ही पुढे बसा, बाबा मागे बसतील."

"मागून मी काय सांगणार तुला, कपाळ?" हे म्हणाले.

मी म्हटलं, मी येत नाही. मला दुकान आहे. मग दोन दिवस विचार केला आणि गेले. का गेले म्हणाल तर, ती दोघं माझ्याशिवाय समुद्रापर्यंत जाऊन येणार आणि वर्षभर जेवताना त्याच गोष्टी सांगणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

फेरीला जुन्या पद्धतीचे कपडे घालायचे असतात. सुनेनं आम्हा दोघींसाठी एकाच कापडाचे, एकाच मापाचे लांब कोट शिवून घेतले होते. धुळीसाठी गॉगल, डोक्याला गच्च बांधलेला रुमाल. आरशात आम्ही दोघी सारख्याच दिसत होतो. सून म्हणाली, "आई, जुळ्या!" मी म्हटलं, "एकीला मागे टाकलंय, एवढाच फरक."

सासूच्या सीटवर बसल्यावर मला कळलं की ज्यानं ती बनवली त्याला सासूचा खरोखरच जाच असणार. धूर माझा, धूळ माझी, प्रत्येक खड्डा आधी माझा. बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. हे तिच्याकडे झुकून काही सांगत होते, ती मान हलवत होती. मधूनच दोघं हसत होते. मला वाटलं माझ्यावरच हसतायत. आता कळतं की नसतील, पण त्या सीटवरून दुसरं काही वाटत नाही.

घाटाच्या शेवटच्या चढावर थोरलीनं आचके दिले, खोकली आणि थांबली.

"टाकी अर्धी आहे बाबा!" सून म्हणाली.

"असेल. पण पोचत नाहीये," हे शांतपणे म्हणाले. थोरलीला पंप नाही. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर पुढे. पेट्रोल आपलं आपण उतारानं वाहत जातं. नाक वर केलं की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जातो, आणि पेट्रोल काही चढ चढत नाही. "आता उलटं जायचं. गाडी फिरव. रिव्हर्समध्ये घाट चढायचा. पूर्वी सगळे असेच चढायचे. आणि हिचा रिव्हर्स पहिल्या गिअरपेक्षाही दमदार आहे."

गाडी फिरवली. आता थोरलीचं नाक दरीत उतरणाऱ्या रस्त्याकडे आणि पाठ चढाकडे. म्हणजे सगळ्यांत पुढे मी.

"आई, तुम्ही मधे येताय, मला मागचं दिसत नाहीये," सून म्हणाली. "जरा उतरता का? चालत याल का वरपर्यंत?"

"नाही," मी म्हटलं. आता कुठे पुढची जागा मिळाली होती, ती मी सोडणार होते होय! मी सीटवर उलटी फिरले, गुडघे टेकले, सीटची पाठ घट्ट धरली आणि ओरडले, "मी सांगते. चल तू."

थोरली घुमली आणि चढायला लागली. पहिल्याच वळणाला मी ओरडले, "डावीकडे!" आणि गाडी थेट दरीच्या कठड्याकडे निघाली. माझं तोंड मागे, तिचं पुढे. माझी डावी ती तिची उजवी. सुनेनं ब्रेक दाबला, दगड घरंगळत खाली गेल्याचा आवाज आला, आणि हे ओरडले, "अगं, तुला डावं-उजवं तरी कळतं का?"

माझ्यावर ओरडले. तिच्यावर नाही.

मला रडू आलं असतं, पण रस्त्याकडे बघायचं होतं. मी म्हटलं, "डोंगर आणि दरी! मी डोंगर म्हटलं की डोंगराकडे वळव, दरी म्हटलं की दरीकडे. डावं-उजवं गेलं खड्ड्यात."

मग आम्ही तसंच चढलो. "डोंगर. अजून डोंगर. बस. थोडं दरी. सरळ." सून माझ्या शब्दासरशी चाक वळवत होती आणि मला, देवाशपथ, मजा यायला लागली. माथ्यावर आधी पोचलेले लोक आम्हाला उलटं येताना बघून टाळ्या पिटत होते. क्लबच्या सेक्रेटरींनी यांच्या तोंडापुढे माइक धरला. हे म्हणाले, "माझ्या सुनेनं थोरली उलटी घाटावर आणली. हल्लीच्या ड्रायव्हरांत ही हिंमत कुणात आहे?" सून म्हणाली, "आईंनी रस्ता सांगितला म्हणून." तोवर माइक दुसऱ्या गाडीकडे गेला होता.

मी कोट झटकला आणि यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "इथून पुढे तुम्ही मागे बसा."

"मी? मग तिला सांगेल कोण?"

"आता उतार आहे आणि मग सपाट. तिला येतं. माझी कंबर गेलीय. बसता का मी टॅक्सी करून घरी जाऊ?"

माझा हा आवाज यांना ओळखीचा आहे. मफलर गुंडाळून, पुटपुटत, चाचपडत ते सासूच्या सीटवर चढले. मी पुढे बसले. उतारभर मी फक्त रस्त्याकडे बघत होते. ती मात्र माझ्याकडे मधून मधून बघत होती. माझ्या पायांकडे, खरं म्हणजे. ती क्लच दाबायची तेव्हा माझा पाय लाकडी तळावर दाबला जायचा, तिच्या थोडा आधी. यांच्या शेजारी बसून बसून लागलेली सवय. मला स्वतःला कधी कळलं नव्हतं.

उतार संपल्यावर दोन्हीकडे गवताची कुरणं असलेला सरळ, रिकामा रस्ता लागला. सुनेनं रेडिएटरमध्ये पाणी घालायला गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. पाणी घालून ती परत आली ती माझ्या बाजूला. मागे हे मफलरमध्ये मान घालून बसले होते.

"सरका, आई," ती हळूच म्हणाली. "तिकडे."

"काय?"

"तुम्हाला येतं. मी बघतेय मघापासून."

मी नाही म्हणणार होते. तिच्याकडून दान म्हणून ही जागा घ्यायची? सुनेकडून? पण माझे हात तोवर चाकावर गेले होते, आणि ते चाक किती गार आणि किती मोठं होतं ते काय सांगू.

क्लच, गिअर, आणि थोरली निघाली. मग मी घोळ घातला. थोरलीत मधलं पेडल रेसचं आणि उजवं ब्रेकचं, हे मला तोंडपाठ होतं. पण पायाला रोजची गाडी पाठ होती. रेस द्यायला म्हणून मी ब्रेक दाबला. गाडीनं असा हिसका दिला की मागून यांचं डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर आपटल्याचा आवाज आला.

"सूनबाई!" हे ओरडले. पण पुढचा आवाज बदललेला होता, मऊ, मी खिडकीतून ऐकायचे तोच. "असू दे, असू दे. मधलं रेसचं. विसरलीस का? होतं असं. पुन्हा कर."

त्यांना दोन कोट दिसत होते. दोन रुमाल. मी सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान वळवून मागे ओरडून सांगितलं, "हो बाबा, चुकलं!"

आणि मग यांनी मला शिकवलं. सगळं. मागून, वाऱ्यावर ओरडत, न चिडता. "आता गिअर. दाब, सोड, थांब जरा... तिला श्वास घेऊ दे... आता पुन्हा दाब आणि टाक. वा! घाबरू नकोस, मी आहे मागे." इतक्या वर्षांत माझ्याशी हे कधी असं बोलले नव्हते. मी दात आवळून बसले होते आणि गॉगलच्या आत पाणी साचत होतं. मला आनंद होत होता, आणि राग येत होता, कारण तो प्रेमळपणा माझ्यासाठी नव्हताच. दुसऱ्या कुणाच्या नावाची औषधं मी घेऊन चालले होते.

पुढे लहानसा चढ आला. स्टिअरिंगवर एक छोटी कांडी असते, सिलिंडरात ठिणगी लवकर पडावी की उशिरा ते तिनं ठरतं. इंजिन खडखडायच्या आतच मी ती मागे घेतली, चढ सरला तशी सोडली. विचार न करता. कानाला कळलं, हातानं केलं.

मागून येणाऱ्या सूचना थांबल्या. मला वाटलं, ओळखलं.

मग ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की कुरणातल्या गाईंनीही ऐकलं असेल, "सूनबाई, आजवर तू चांगली चालवायचीस. पण आज तू माझ्यासारखी चालवतेयस. अगदी माझ्यासारखी. डोळे मिटले तर वाटतं, मीच बसलोय चाकावर."

मी सुनेकडे पाहिलं. तिनं एवढे महिने गाडीखाली पाठ टेकवून, बोटं काळी करून, हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. ते मिळालं ते असं.

"हो बाबा," ती ओरडली. मग तिनं तोंड कुरणाकडे वळवलं आणि ते तिकडेच ठेवलं. तसं तोंड वळवून त्याच सीटवर मी आयुष्य काढलं होतं, त्यामुळे तिला काय होतंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. निदान गाडी थांबवून जागा बदलायला हवी होती.

पुढे वळण दिसत होतं. मला ते यांच्यासारखं घ्यायचं होतं. मी रेस दिली.